कुलूप नसलेला डबा

मनोरमा साळवे गेल्याची बातमी दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटावर आली आणि माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. याच गटानं दोन वर्षांपूर्वी एका निवृत्त अभियंत्याला श्रद्धांजली वाहिली होती आणि दुपारी त्या गृहस्थांनी स्वतःच 'मी जिवंत आहे, धन्यवाद' असा संदेश टाकला होता. शिवाय माझी चाळीस वर्षं बातमीदारीत गेली. एका तोंडून आलेलं दुसऱ्या तोंडून पक्कं करून घ्यायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मी फरीदाबादला त्यांच्या मुलीला, रूथला, फोन लावला. ती म्हणाली, "हो काका. सकाळी साडेसहाला. नींद में ही." मी वेळ लिहून घेतली, कारण विचारलं, तेही लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की तू कशी आहेस, जवळ कोण आहे, हे विचारायचं राहूनच गेलं. मी फक्त खात्री करून घेतली होती. साळवेबाईंशी बावीस वर्षं माझं हेच चाललं होतं. मी खात्री करून घ्यायला जायचो आणि त्या मला करू द्यायच्या... एक गोष्ट सोडून.

ती गोष्ट म्हणजे एक डबा. साधा स्टीलचा, पोळ्या ठेवायचा, झाकणाला पोचा आलेला. त्या डब्यापायी त्यांची बढती गेली, त्यांच्या घरी येणारी माणसं तुटली आणि त्यांच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह लागलं, ते त्या असेपर्यंत कुणी पुसलं नाही. डबा उघडून दाखवला असता तर हे सगळं एका दुपारी मिटलं असतं. त्यांनी तो दाखवला नाही. ज्याअर्थी दाखवत नाहीत त्याअर्थी आत काहीतरी असणार, असं ज्यांना वाटत होतं त्यांत मी होतो, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

साळवेबाई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती, वडील मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. केंद्र सरकारची परीक्षा देऊन त्या विशीतच दिल्लीला आल्या, कारकून म्हणून लागल्या आणि एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसरपर्यंत चढल्या. नवरा, प्रभाकर, टपाल खात्यात होता. रूथ नऊ वर्षांची असताना तो गेला. ऑफिसात त्यांची ख्याती एकाच कामासाठी होती. संसदेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्या टेबलावरून जायची. प्रश्नापुरतंच उत्तर द्यायचं, एक शब्द जास्त नाही, हा त्या टेबलाचा धर्म. उत्तर खोटं नसावं आणि त्यातून काही कळूही नये. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं त्यांच्याच हाताखालच्या एकानं मला सांगितलं होतं. पुढे जे झालं ते समजायला ही एवढी गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

त्यांची ओळख माझ्या बायकोनं, अलकानं, करून घेतली. कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या अतिथीगृहाच्या कॅन्टीनमध्ये रविवारी मराठी माणसं पोहे खायला जमायची. तिथे दोघी एका टेबलावर बसल्या आणि त्यानंतर अलका दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला लक्ष्मीबाई नगरला त्यांच्या क्वार्टरमध्ये जाऊ लागली. ती दुमजली चाळवजा घरं आता पाडली गेली. दोन खोल्या, पुढे जिना, जिन्याला लागून दार. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरून दहा-बारा माणसं बसायची. वसाहतीतल्या बायका, नगर-जालन्याकडची दोन-तीन ख्रिस्ती कुटुंबं, परीक्षेची तयारी करायला आलेल्या मराठवाड्यातल्या काही मुली. मुलींना देवापेक्षा साळवेबाईंच्या पोह्यांची ओढ जास्त असावी, असा माझा अंदाज. साळवेबाई पेटी वाजवायच्या, कुणीतरी झांज धरायचं, अभंगाच्या चालीवरची ख्रिस्ती भजनं व्हायची. मग डबा फिरायचा. ज्याला जे मागायचं ते त्यानं चिठ्ठीवर लिहून, घडी घालून आत टाकायचं. नाव लिहायचं नाही. शेवटी साळवेबाई झाकणावर हात ठेवून एक प्रार्थना करायच्या, सगळ्या चिठ्ठ्यांसाठी मिळून. चिठ्ठ्या त्या वाचायच्या नाहीत.

हे ऐकल्यावर मी अलकाला पहिला प्रश्न विचारला, "वाचत नाहीत हे तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच."

"अच्छा. म्हणजे आरोपीनंच. आणि तू काय लिहिलंस?"

"तुला सांगायचं असतं तर डब्यात कशाला टाकलं असतं?" असं म्हणून ती भाजी चिरायला निघून गेली. ते तिनं आजतागायत सांगितलेलं नाही.

मी स्वतः गेलो तो एका शुक्रवारी, सगळे उठून गेल्यावर, अलकाला आणायच्या निमित्तानं. "या, बातमीदार," साळवेबाई म्हणाल्या. पुढची बावीस वर्षं त्यांनी मला याच नावानं हाक मारली. डबा फडताळावर होता, चहाच्या कपांशेजारी. मी म्हटलं, याला कुलूप नाही? त्या म्हणाल्या, "कुलूप लावलं तर लोकांना वाटेल आत काहीतरी आहे." मी म्हटलं, आत काहीतरी आहेच की. "आहे ना. पण माझं नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्या पुढ्यात पोह्यांची बशी ठेवली. लोकांच्या मनातलं घरात भरून ठेवायचं आणि बघायचं नाही, हे मला पटेना. माणूस असं वागत नाही. निदान मला भेटलेला माणूस तरी वागत नव्हता.

पुढे काही वर्षांनी, रूथ कॉलेजात असताना, त्यांच्या ऑफिसात एक निनावी तक्रार आली. हिंदीतून, हातानं लिहिलेली. सरकारी क्वार्टरमध्ये दर शुक्रवारी लोकांना जमवून धर्मांतर चालतं, त्यासाठी फॉर्म भरून घेतले जातात, असा मजकूर. ऑफिसनं साळवेबाईंना मेमो देऊन खुलासा मागवला. त्यात विचारलं होतं, की आपल्या निवासस्थानी धर्मांतरासाठी फॉर्म भरून घेतले जातात हे खरं आहे काय? उत्तर एका ओळीचं होतं. नाही. तेच खरं होतं आणि पुरेसंही होतं. हे उत्तर त्यांच्या हाताखालचा नवखा कारकूनसुद्धा बरोबर लिहू शकला असता.

साळवेबाईंनी लिहिलं: असे कोणतेही फॉर्म भरून घेतले जात नाहीत. तथापि, प्रार्थनेसाठी येणाऱ्या व्यक्ती स्वेच्छेने आपल्या विनंत्या चिठ्ठ्यांवर लिहितात व त्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवल्या जातात.

डब्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं. डबा आहे हे ऑफिसला माहीतही नव्हतं. मी ते उत्तर वाचलं तेव्हा अक्षरशः ओरडलो. "ताई, हे 'तथापि' कशाला? कुणी विचारलं होतं?"

त्या म्हणाल्या, "पंचवीस वर्षं मी प्रश्नापुरती उत्तरं लिहिली. लोकांना काही कळू नये म्हणून. सरकारसाठी लिहिली, नोकरी होती. हे माझ्या देवाबद्दल विचारलंय. इथे कसं मोजून लिहू?"

मला हा भाबडेपणा वाटला, आणि लगेच शंकाही आली. एवढी मुरलेली बाई अशी चूक करेल कशी? कदाचित आज ना उद्या कुणीतरी डब्याचं सांगेलच, म्हणून आधीच सांगून मोकळं व्हायचा हा डाव असेल. बातमीच्या कामात सगळ्यात जास्त बोलणारा माणूसच बहुतेक वेळा काहीतरी झाकत असतो.

अपेक्षेप्रमाणे दुसरा मेमो आला: चिठ्ठ्या तपासणीसाठी सादर कराव्यात. साळवेबाईंनी उत्तर दिलं, की चिठ्ठ्या अन्य व्यक्तींच्या आहेत व त्या ईश्वराला उद्देशून लिहिलेल्या आहेत, सबब सादर करता येत नाहीत. आदल्या वर्षाच्या चिठ्ठ्यांचं काय, असं तोंडी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्या दर वर्षअखेरीला नष्ट करते. चौकशी करणाऱ्यानं 'नष्ट केल्या' हे दोन शब्द लिहून खाली रेघ मारली. सरकारी कागदावर त्या शब्दांचा एकच अर्थ होतो.

त्यांचे वरिष्ठ वाईट नव्हते. ते हिंदीभाषक गृहस्थ, सकाळी पूजा करून ऑफिसात येणारे. त्यांनी साळवेबाईंना बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मैं भी भगवान को मानता हूँ. दो-तीन पर्चियां दे दीजिए, आपकी ही पसंद की. मैं लिख दूँगा, देख लिया, कुछ नहीं है. बात ख़तम." यापेक्षा सोपी वाट असू शकत नव्हती. त्या वर्षी त्यांचं नाव बढतीच्या यादीत होतं. अंडर सेक्रेटरी होण्यासाठी त्यांनी तीस वर्षं काढली होती आणि त्या खात्यात त्यांच्यासारख्या घरातून आलेली बाई तिथवर कधी पोचली नव्हती.

मीही त्यांच्या घरी जाऊन तेच सांगितलं. "दोन निवडा. गुडघेदुखीच्या, परीक्षेच्या. कुणाचं काय जातं?"

"निवडायला वाचाव्या लागतील."

"मग न वाचता दोन काढा."

"आणि दोन दाखवल्या की बाकीच्यांनी रात्री झोपायचं कसं?" त्या म्हणाल्या. "बातमीदार, तुम्ही तुमच्या माणसाचं नाव सांगता का? ज्यानं तुम्हाला आतली बातमी दिली त्याचं?"

"ती गोष्ट वेगळी."

"बिल्कुल वेगळी. तुम्ही माणसाला शब्द दिलेला असतो."

मी निघालो तो चिडूनच. आणि त्यानंतर मी जे केलं ते मी कधी कुठे लिहिलेलं नाही. मी त्यांच्या मागे चौकशी केली. त्यांना मदत करण्यासाठी, असं मी स्वतःला सांगितलं. शुक्रवारी येणाऱ्या मुलींना गाठलं, वसाहतीतल्या बायकांना विचारलं, त्यांच्या चर्चमधल्या दोघांशी बोललो. कुणी पैसे देऊ केले होते का, धर्म बदलायला सुचवलं होतं का, काही सही घेतली होती का. सगळीकडे नाही. एका मुलीनं सांगितलं, "एकदा ताईंनी मला रागावलं होतं, अभ्यास सोडून इथं काय येतेस म्हणून." दहा दिवसांनी साळवेबाई जिन्यात भेटल्या. "मिळालं काही?" त्यांनी विचारलं. त्यांना सगळं कळलेलं होतं. मी म्हटलं, नाही. "मग छापा ना तसं. काही मिळालं नाही म्हणून." मी म्हटलं, काही मिळालं नाही, ही बातमी होत नाही. त्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. मला हसू आलं नाही. कारण काही न मिळाल्यानंही माझा संशय गेला नव्हता. तो फक्त जास्त नीट शोधायला हवं, असं म्हणत होता.

त्यांना खरं लागलं ते ऑफिसचं नव्हे. चर्चच्या मंडळातले एक वडीलधारे गृहस्थ घरी आले. साळवेबाईंच्या नवऱ्याचे मित्र, रूथचा बाप्तिस्मा झाला तेव्हा शेजारी उभे राहिलेले. ते म्हणाले, "मनोरमा, हे तुझ्या एकटीवर राहणार नाही. आपण सगळे गोत्यात येऊ. देऊन टाक ते कागद. देवाला काय, त्याला सगळं पाठ आहे."  साळवेबाईंनी त्यांच्यापुढे पोहे ठेवले, ते त्यांनी खाल्ले नाहीत. पुढच्या रविवारी चर्चमध्ये साळवेबाईंच्या बाकावर त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. मला हे रूथनं सांगितलं. साळवेबाईंनी स्वतः त्या माणसाविषयी वावगा शब्द कधी काढला नाही. मी दोनदा मुद्दाम विषय काढून पाहिला होता.

शुक्रवारची माणसं गळत गेली. आधी मुली, मग वसाहतीतल्या बायका. ज्यांनी डब्यात लिहून टाकलं होतं त्यांना आता डब्याचीच भीती वाटत होती. मीही अलकाला सांगितलं, काही दिवस जाऊ नकोस. पत्रकाराची बायको तिथे बसते असं कुणी म्हटलं तर माझी पंचाईत. ती दोन शुक्रवार गेली नाही. तिसऱ्या शुक्रवारी तिनं माझ्यापुढे झांजेची जोडी ठेवली. "मग तू जा. तुला कुणी बाटवू शकणार नाही. देवसुद्धा कंटाळून उठून जाईल."

मी गेलो. दार सताड उघडं होतं. सतरंजी नेहमीसारखी पूर्ण अंथरलेली, दहा-बारा जणांची. तिच्या एका कडेला साळवेबाई पेटी घेऊन एकट्या बसल्या होत्या. सहाला पाच मिनिटं होती. त्यांनी सहा वाजेपर्यंत वाट पाहिली, मग भजन सुरू केलं. जिन्यावरून जाणारी माणसं आत डोकावत होती. एकानं थांबून मोबाइल वर धरला, फोटो काढला आणि खाली उतरला. त्या थांबल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. सगळी कडवी म्हटली, एकही गाळलं नाही. मला झांज वाजवता येत नाही. मी ती हातात धरून बसलो होतो. मग त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, घडी घातली, डब्यात टाकली.

मी विचारलं, "तुम्हीही टाकता?"

"मला काय मागायला बंदी आहे?"

"काय लिहिलंत?"

मला वाटलं होतं, नेहमीसारखं हसून टाळतील. त्या म्हणाल्या, "भीती वाटते म्हणून लिहिलं. दर आठवड्याला तेच लिहिते. रूथचं शिक्षण आहे, हे घर सरकारचं आहे. पहाटे जाग येते आणि वाटतं, दाखवून टाकावं... काय होतंय." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "त्याला म्हणते, तू मला धीर देत नसशील तर नको देऊ. पण शुक्रवारी सहाला दार उघडायची ताकद दे. तेवढी देतो."

धैर्यावर मी पुष्कळ लिहिलंय. दंगलीत, पुरात, कोर्टाच्या आवारात माणसं काय करतात ते पाहून लिहिलंय. त्या खोलीत मात्र मला ते ओळखता आलं नव्हतं. ज्या बाईला घाबरल्याचं माझ्यासमोर कबूल करायला काही वाटत नाही, ती डब्याबद्दल खोटं का बोलेल, हा साधा प्रश्न मला घरी जाताना बसमध्ये पडला. त्याचं उत्तरही साधंच होतं. पण मी ते त्या दिवशी स्वीकारलं नाही.

बढतीच्या यादीतून नाव वगळलं गेलं. त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान माणूस वर गेला. साळवेबाईंना संसदेच्या टेबलावरून काढून जुन्या फायलींच्या विभागात पाठवलं, तळघरात. चौकशीत काहीच निष्पन्न झालं नाही, पण तसं कुणी लिहूनही दिलं नाही. त्या दरवर्षी एक पत्र पाठवायच्या, की प्रकरण बंद झालं असल्यास तसं लेखी कळवावं. उत्तर यायचं, यथावकाश कळवण्यात येईल. वर्षा-दोन वर्षांनी शुक्रवारी पुन्हा चार-पाच माणसं येऊ लागली. अलका तर कधीच परत जाऊ लागली होती.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना मूळ तक्रारीची झेरॉक्स माझ्या हाती आली. कशी आली ते सांगता येत नाही. वळणदार देवनागरी हस्ताक्षर, वेलांट्या लांब ओढलेल्या. ते एखाद्या बाईचं असावं असं मला वाटलं, आणि जी व्यक्ती पोह्यांची, पेटीची, वेळेची इतकी बरोबर माहिती देते ती सतरंजीवर बसून गेलेली असणार, याबद्दल मला शंका नव्हती. मी धावत त्यांच्याकडे गेलो. कागद पुढे केला. त्यांनी हात मागे घेतला.

"नको."

"ताई, तुम्ही अक्षर ओळखाल. एक नजर टाका."

"ओळखीन म्हणूनच नको. रोज जिन्यात भेटतात सगळ्या. नमस्कार करायचा असतो."

हे ऐकून मला राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही. काही माणसांचा चांगुलपणा दुसऱ्याला हातपाय हलवू देत नाही. मी झेरॉक्स माझ्याकडेच ठेवली.

निवृत्तीनंतर त्या फरीदाबादला रूथकडे राहायला गेल्या. रूथ तिथे एका कारखान्यात इंजिनियर आहे. चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्येही शुक्रवारी सतरंजी पडू लागली. माझी शेवटची भेट त्यांच्या जाण्याआधी दोन महिने झाली. पाय सुजलेले होते, पेटी आता रूथ वाजवत होती, चुकत होती आणि तिच्या चुका त्या पलंगावरून ओरडून दुरुस्त करत होत्या. मी पुन्हा तेच विचारलं. आता तरी सांगा, कधी एखादी वाचलीत?

"तुम्ही अजून तिथेच?" त्या म्हणाल्या. मग स्वतःच पुढे, "एकदा मोह झाला होता. चौकशीच्या वेळी. वाटलं, बघावं तरी कशासाठी मार खातोय."

"मग?"

"मग चहा केला."

त्यांच्या जाण्यानंतर तीन आठवड्यांनी रूथनं मला बोलावून घेतलं. दुपारची वेळ होती. तिनं एक पाकीट दिलं. आत साळवेबाईंच्या अक्षरात एक टिपण, वर 'विषय: चिठ्ठ्या' असं लिहून खाली रेघ. चौकशीच्या वर्षीच्या चिठ्ठ्या त्यांनी नष्ट केल्याच नव्हत्या. चौकशी चालू असताना कागद नष्ट करता येत नाहीत, हा नियम. चौकशी बंद झाल्याचं लेखी कधी मिळालं नाही. म्हणून तेवढ्या चिठ्ठ्या त्यांनी इतकी वर्षं तशाच डब्यात ठेवल्या होत्या. पुढे लिहिलं होतं: 'माझ्या मृत्यूनंतर प्रकरण आपोआप संपते. त्यानंतर कागद नष्ट करण्यास हरकत नसावी. हे काम बातमीदारांनी करावे.'

मी रूथला विचारलं, मीच का? ती ओशाळं हसली. "आई बोलायची, ज्याला सबसे ज़्यादा शक आहे ना, त्याच्याकडेच द्यायचं. बाकीचे प्यार से पढ़ लेंगे."

मग तिनं रीत सांगितली. चिठ्ठ्या बॉलपेनच्या, शाई पाण्यात जात नाही. बादलीत कागद भिजत घालायचे आणि हातानं कुस्करून त्यांचा लगदा करायचा. तो गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत घालायचा. "और हां काका, आई आंखें बंद करून करायची. मतलब, ओला कागद उलगडतो ना, दिसतं सगळं." एवढं सांगून ती आत निघून गेली. दार ओढून घेतलं.

मी गॅलरीत एकटा राहिलो. समोर बादली, हातात डबा. तक्रारीची झेरॉक्स माझ्या खिशात होती. मी ती मुद्दाम घेऊन आलो होतो, हेही इथे नोंदवून ठेवतो. दोन-तीनशे चिठ्ठ्या असतील. लांब वेलांट्या शोधायला अर्धा तासही लागला नसता. त्यातच अलकाची होती. त्यातच त्यांनी स्वतः माझ्यासमोर टाकलेली होती, आणि भीतीबद्दल त्या खरं बोलल्या होत्या की नाही हे तिच्यावरून कळलं असतं. झाकण माझ्या हातानं उघडलं. चिठ्ठ्या घडीच्या घडीत होत्या, काही पिवळ्या पडलेल्या. एकही उलगडलेली नव्हती. पण नीट घडी घालून पुन्हा ठेवलेली चिठ्ठीही तशीच दिसते, हे मला कळतं. त्यांनी वाचल्या नव्हत्या याचा पुरावा त्या डब्यात नव्हता. तो कुठेच नव्हता आणि आता मिळणारही नव्हता.

मी डबा बादलीत उपडा केला. खिशातला कागद काढला, चार तुकडे केले, तेही टाकले. कागद भिजायला वेळ लागतो. पाण्यावर एक घडी हळूहळू सुटायला लागली, तेव्हा मी डोळे मिटले आणि दोन्ही हात आत घातले.

किती वेळ गेला सांगता येणार नाही, घड्याळ पाहिलं नाही. खाली रस्त्यावर भाजीवाल्याची हाक येत होती. बोटांना आधी कोपरे लागत होते, मग कडा, मग नुसतं मऊ. झेरॉक्सचा कागद जाड असतो, तो वेगळा कळेल असं वाटलं होतं. कळत नव्हता.

आतून रूथनं विचारलं, "काका, हो गया?"

"थांब," मी म्हटलं. "अजून हाताला कागद लागतोय."